टाळ्यांच्या आवाजात

राजारामपुरीतल्या नव्या जपानी हॉटेलात मी सहा वर्षांच्या मुलीला घेऊन गेले होते. तिथं टेबलालाच मोठा तवा असतो आणि आचारी आपल्यासमोर रांधतो. आमचा आचारी चाळिशीचा, बोलण्यावरून मुरगूडकडचा. काम सुरू करण्याआधी त्यानं स्वतः येऊन मुलीची खुर्ची तव्यापासून मागं ओढली.

मग कांद्याच्या चकत्या एकावर एक रचून त्यानं मधोमध तेल ओतलं आणि पेटवलं. जाळ उसळला तो थेट मुलीकडे. मी किंचाळले. त्यानं मध्ये स्वतःचा हात घातला आणि दुसऱ्या हातानं झाकण आदळलं.

लोकांना तो खेळच वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र त्याच्या मनगटावरचे करपलेले केस दिसले.

"भाजलं का हो?"

"माझं ऱ्हाऊ द्या. पोरगी बरी हाय न्हवं?" तो हळूच म्हणाला. "रोज भ्या वाटतंय बघा. पर जाळाबिगर लोक येत न्हाईत की."

तेवढ्यात पलीकडून कुणीतरी ओरडलं, "आमालाबी मोठा जाळ पायजे!"

त्यानं हसून तेलाची बाटली उचलली. मी मागवलेलं जेवण तसंच टाकून मुलीला कडेवर घेतलं आणि बाहेर पडले. पायरीवर आल्यावर मनात आलं, त्याला कुठं असं उठून येता येतंय?