सावेंचं बेट

आयुष्यात मी एकाच बेटाचा हेवा केला, आणि ते आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. उमरोळी स्टेशनवर उतरून खाडीच्या दिशेने चालत सुटलं की आमचं गाव लागे. गावाच्या खालच्या अंगाला, भातखाचरांच्या मधोमध, सावे कुटुंबाचं भाड्याचं घर होतं. भोवती नारळ, केळी, आणि जोतं एवढं उंच की पाहुण्यांना हात देऊन वर ओढावं लागे. जुलैत पावसाने ठाण मांडलं आणि त्यातच खाडीला उधाण आलं की खाचरं तुडुंब भरत, पायवाट बुडे आणि सावेंचं घर मधोमध उभं राही. कोरडं ठणठणीत! चहूकडे पाणी, मध्ये नारळ आणि नारळांत सावे. भूगोलाच्या पुस्तकात बेट म्हणतात ते याहून वेगळं नसतं.

यात हेवा करण्यासारखं काय, असं तुम्ही विचाराल. सांगतो. सावे आणि मी बोईसरच्या एकाच कारखान्यात, एकाच ऑफिसात, शेजारशेजारच्या टेबलांवर. आमच्या साहेबांचा एक दयाळू नियम होता. ज्याच्या घराला पाण्याने वेढा घातला, त्याला पाणी ओसरेपर्यंत भरपगारी रजा! माझं घर मात्र गावाच्या वरच्या टोकाला, टेकाडावर. (भाड्याने घेताना मी मोठ्या हुशारीने विचारलं होतं, "इथे पाणी तर येत नाही ना?" त्या हुशारीची फळं पुढे कित्येक पावसाळे भोगली.)

सावे बेटावर लोळत असे तेव्हा मी प्लास्टिकचा कागद पांघरून, सायकल मारत बोईसर गाठी. गेटवर वॉचमन विचारी, "क्या राऊतबाबू, आपके यहाँ इस साल भी पानी नहीं आया?" मुलगा पुन्हा नापास झालेल्या बापाला विचारावं तसं.

पाणी ओसरलं की सावे उगवे. गाल वर आलेले.

"फार हाल रे, राऊत."

"काय हाल?"

"दिवसभर घरातच! लोळून लोळून पाठ धरली."

"अरेरे."

"आणि ही रोज भजी तळते. आज कांद्याची, उद्या केळ्याची. माणूस खाणार तरी किती?"

"खरंच."

"मासे चढून थेट पायरीशी येतात. एवढे साफ कोण करणार?"

हे बेटावर राहण्याचे तोटे! फायदे विचारायची माझी छातीच होत नसे.

बरं, सगळं आयतं. लक्ष्मण तांडेल आपली छोटी होडी खाचरांतून वल्हवत दूध, पाव, रॉकेल पोचवी. सरपंच छत्री धरून जातीने विचारपूस करायला होडीतून जात. माझ्या दारात ते आजवर फक्त मतं मागायला आले होते! घरी बायको खिडकीशी उभी राहून म्हणे, "सावेवहिनींचं नशीब बघा. पाऊस लागला की नवरा घरात. आमच्याकडे नुसते ओले कपडे घरात!" मुलं तर तोंडावरच विचारत, "बाबा, आपलं बेट का नाही?"

मला हेवा वाटे. जेवताना वाटे, झोपताना वाटे, ऑफिसात त्याची रिकामी खुर्ची बघून तर अंगाचा तिळपापड होई. मला जास्त काही नको होतं. दोन-तीन दिवस! बायको, मुलं, झोपाळा, भजी, भोवती पाणी आणि पगार चालू.

या हेव्यापोटी पहिला उद्योग मी ग्रामसभेत केला. उभा राहिलो आणि भरल्या गळ्याने म्हणालो, "सावे कुटुंबाचे हाल मला बघवत नाहीत! खालच्या अंगाला चर खणा, पाण्याला वाट करून द्या!" (बघवत नव्हते, हे अगदी खरं होतं.) टाळ्या पडल्या. सावेवहिनींनी डोळ्यांना पदर लावला. ठराव झाला आणि पुढे ठरावाचं जे होतं तेच झालं, म्हणजे काहीच नाही. त्या जुलैत सावे पुन्हा बेटावर!

मग मला सुचलं. बेट सावेकडून काढून घेता येत नसेल, तर आपणच बेटावर राहायला जावं. दोन्ही घरांचा मालक एकच होता, आणि भाडं मिळण्याशी मतलब असलेला होता.

"सावे, येत्या पावसाळ्यापुरती घरं बदलू या," मी त्याच्या ओटीवर बसून म्हणालो. "तुम्ही वर राहा. तुमचे हाल आम्ही काढतो."

सावे बघतच राहिला. "अरे, पाणी येतं तिथे!"

"येऊ दे."

"साप येतात."

"येऊ देत. त्यांनी तरी पावसात जावं कुठे?"

"भावजी, देवमाणूस आहात तुम्ही!" असं म्हणून सावेवहिनी तिथल्या तिथे भांडी बांधायला लागल्या. दुःख लपवायला बाई कामात मन गुंतवतेय, अशी मी समजूत करून घेतली.

मे महिन्यात सामानाची हातगाडी टेकाडावरून खाली आली. माझा लाडका झोपाळा तेवढा मागे राहिला, कारण कड्या गंजून बसल्या होत्या. मग आगोट, म्हणजे पावसाळ्यापूर्वी घरात भरून ठेवायचं सामान. आमच्याकडे सगळेच भरतात, पण मी झपाटल्यासारखा भरत सुटलो. सुके बोंबील, जवळा, पापड, रॉकेल, पत्त्यांचे दोन जोड आणि डबाभर बेसन! बोंबील विकणारी मावशी टोपली रिकामी करता करता म्हणाली, "भाऊ, घरात लगीन हाय का काय?"

"बेटावर चाललोय, मावशी."

"तुमची मर्जी. पन आमी तर बेटावरच्या मानसाला गावात आनाया बघतो."

त्याच सुमारास घरामागे फावड्यांचा आवाज यायला लागला. डोंगराकडून कामाला आलेली माणसं भर उन्हात खणत होती. मी त्यांना माठातलं गार पाणी नेऊन दिलं.

"कसलं काम, बाबा?"

"चर हाय. पानी जायाला."

माझाच चर! ग्रामसभेत मीच मागितलेला! पण मी अजिबात डगमगलो नाही. पंचायतीच्या कामावर माझा पूर्ण विश्वास होता. ते अर्धवट राहणार, याबद्दल मनात तिळमात्र शंका नव्हती. उलट मी "शाब्बास, चालू द्या!" म्हणालो आणि वर गूळ वाटला. खणलेली माती त्यांनी नेऊन टेकाडाच्या पायथ्याशी टाकली. तिचा चांगला लांबलचक बांध झाला.

आणि मग पंचायतीच्या इतिहासात प्रथमच काम पुरं झालं.

जुलैत पाऊस असा लागला की समोरचा नारळ दिसेना. उधाणाचे दिवस. मी ओटीवर पाटावर बसलो, शेजारी पत्ते, आत बेसन भिजवलेलं. समोरच्या खाचरात पाणी चढायला लागलं. मुलं नाचायला लागली. मीही थोडा नाचलो. तेवढ्यात पाणी चराच्या तोंडाशी गेलं, तिथून वळलं आणि शाळेतल्या पोरांसारखं रांगेने खाडीकडे चालतं झालं.

"बाबा, बेट कधी होणार?"

"होईल रे. बेट काही असं लगेच होत नाही."

"अहो, पण भज्यांची कढई तर जुन्या घरीच राहिली!" बायको आतून ओरडली. "वहिनींकडून घेऊन येते. मुलांनाही नेते, तेवढंच त्यांना पाय मोकळे करू दे."

ती छत्री घेऊन, दोन्ही मुलांना घेऊन टेकाडावर गेली ती गेलीच. तासभर वाट बघून मी शोधायला निघालो, आणि बांधापाशी येऊन जे दिसलं त्याने माझे पाय तिथेच रुतले. (चिखलामुळेही रुतले असतील.) डोंगराकडून येणारं सगळं पाणी त्या नव्या बांधाला अडून टेकाडाभोवती तुंबलं होतं. चहूकडे पाणी, आणि मधोमध माझं घर. कोरडं ठणठणीत! ओटीवर माझा झोपाळा, झोपाळ्यावर सावे, सावेच्या हातात बशी.

"राऊत!" तो हाक मारून म्हणाला. "फार हाल रे!"

"माझी बायको कुठाय?"

बायको दारात आली. हातात झारा. "अहो, पाणी चढलं, आम्ही इथेच राहतो! काळजी करू नका!"

"मी येतो तिकडे!"

"कशाला? तुम्ही आलात तर दूध कोण पाठवणार? आणि ते भिजवलेलं बेसन पाठवा हो, इथलं संपत आलंय!"

लक्ष्मण तांडेल होडी घेऊन आलाच होता. मी घरी धावत जाऊन बेसनाचं पातेलं आणलं आणि ते छातीशी धरून होडीत पाय टाकला.

"पातेलं द्या हिकडं," तो म्हणाला. "मानसाला जागा नाय."

"अरे, घर माझं आहे! बायको माझी आहे! बेसनसुद्धा माझं आहे!"

"तेच तर म्हंतो. तेवढं बेसन द्या."

मी पातेलं न सोडता दुसरा पाय उचलला. होडी हलली. लक्ष्मणने पातेलं झेललं. मला झेलायला दोन हात उरले नव्हते. कमरेएवढ्या पाण्यातून उठलो तेव्हा पलीकडून माझा धाकटा टाळ्या वाजवत होता, आणि सावे काळजीच्या सुरात ओरडत होता, "बेसनात पाणी नाही ना गेलं?"

एकच आशा उरली होती. दुसऱ्या दिवशी तसाच शिंकत ऑफिसात गेलो.

"साहेब, रजा हवी. माझ्या घराला पाण्याने वेढलंय."

"अरे! मग तुम्ही बाहेर कसे?"

"मी सावेंच्या घरी राहतो."

"सावे कुठायत?"

"माझ्या घरी."

"सावेंच्या घरी पाणी आहे?"

"नाही."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "म्हणजे सावे वेढलेले आहेत."

"माझी बायको वेढलेली आहे, साहेब! मुलं वेढलेली आहेत!"

"त्या इथे नोकरीला आहेत का?" साहेब शांतपणे म्हणाले आणि त्यांनी सावेच्या टेबलावरचे कागद उचलून माझ्या टेबलावर ठेवले. बाहेर वॉचमनने चहा पुढे केला. "इस साल भी नहीं, बाबूजी?"

पाणी ओसरेपर्यंत मी सकाळी दूध घेऊन बांधावर, दिवसभर दोघांचं काम आणि संध्याकाळी पाव घेऊन पुन्हा बांधावर. शेवटी बायको कढई घेऊन घरी परतली. गाल वर आलेले.

"भजी?" मी विचारलं.

"नाव काढू नका. कंटाळा आलाय भज्यांचा," ती म्हणाली. "आणि बरं का, सावेभावजी स्वतः तळतात."

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत सरपंचांनी मला पुढे बोलावलं. ज्यांच्या तळमळीमुळे गावाचं खालचं अंग कायमचं कोरडं झालं, ते राऊत, म्हणत हातात नारळ ठेवला. सगळ्यात जोरात टाळ्या सावेने वाजवल्या. घरी जाताना मी त्याला गाठलं.

"सावे, घरं परत बदलायची ना आता?"

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. गळा भरून आला होता. "नको रे. तुझ्या त्या घरात किती हाल होतात! तुझे हाल मला बघवणार नाहीत."

असा भरला गळा मी ओळखतो. नारळ घेऊन बेटावर, म्हणजे पूर्वीच्या बेटावर, परत आलो. बायको म्हणाली, "फोडा तरी. निदान पाणी पिऊ."

फोडला. तोही कोरडा निघाला.