दाताखालचा ठोकळा

सुहास गेला त्याच्या आदल्या गुरुवारी त्याने स्वतःच बसवलेल्या माझ्या दाताचा एक्स-रे फोटो काढला आणि पडद्याकडे बघत बसला. डॉक्टर गप्प झाला की पेशंटचा जीव वर-खाली होतो, हे त्याला कधी कळलंच नाही. "बोल की रे," मी म्हटलं. "मंदाताई, मला शंका येतेय. हाड थोडं झिजल्यासारखं वाटतंय. की दाताखालचा ठोकळाच सरकला होता... सोमवारी ये, परत काढू." सोमवारी सकाळी फोन आला तो मेधाचा, त्याच्या बायकोचा. झोपेतच गेला. हार्ट. घाई याला लहानपणापासूनच.

दीड महिना झाला. लोक भेटायला यायचे, मी त्यांच्याशी बोलायचे आणि जीभ आपली त्या दाताशी. हलतोय का? नाही. मग पुन्हा चाचपायचं. स्वतः गेला आणि माझ्या डोक्याला हा भुंगा लावून गेला.

सुहास माझा मावसभाऊ. लालबागला आमची एकच चाळ, एकच गॅलरी. त्याचे वडील, अण्णा, गिरणीत साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. मागावर आडवा दोरा नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की तिचा दोरा धोट्याच्या बारीक भोकातून तोंडाने ओढून काढायचा, ही तिथली रीत. दिवसभर ओठ लाकडाला. वर्षानुवर्षं ओढून अण्णांचे पुढचे दात गेले, आणि संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. आमच्या भजनातला सगळ्यात गोड गळा त्यांचा, पण नंतर ते नुसते टाळ वाजवायचे, तोंड मिटून. सुहास त्याच रागाने डेंटिस्ट झाला, असं मी म्हणते. तो म्हणायचा, मार्कच तेवढे पडले.

परळला दवाखाना काढल्यावर तो इम्प्लांट शिकला, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवायचा आणि त्यावर दात. पहिले दोन अण्णांना. त्या गणपतीत अण्णा आरतीला गळा मोकळा सोडून गायले आणि मावशी पदर तोंडाला लावून रडली. सुहास दर वर्षी फोटो काढून, कॉम्प्युटरवर मोठा करून सगळ्यांना दाखवायचा. "हाड बघा, आहे तिथेच. एक नंबर." मग एका वर्षी अण्णा म्हणाले, "तुझो फोटो काय म्हणता ता म्हणांदे, दात हलता हा." सुहासने मनावर घेतलं नाही. फोटोत काही दिसत नव्हतं ना. थोड्याच दिवसांत तो दात स्क्रूसकट अण्णांच्या हातात आला.

मग मात्र याची झोप उडाली. जुने फोटो काढून बसला. दर वेळी कोन जरासा वेगळा, त्यामुळे झिजलेलं हाड दिसलंच नव्हतं. अण्णा उरलेल्या दातावर खुशाल गात राहिले. पण सुहासने त्यानंतर प्रत्येक पेशंटसाठी कडक प्लास्टिकचा ठोकळा बनवला, त्यावर त्या माणसाच्या चाव्याचा ठसा. दर वर्षी तोच दाताखाली धरायचा, म्हणजे फोटो त्याच कोनातून येतो. मग कॉम्प्युटरवर नव्या फोटोतून जुना वजा करायचा. जे तसंच राहिलं ते पुसलं जातं, सगळं करडं होतं. हाड कमी झालं असेल तर तेवढाच काळा डाग उरतो. त्या डागाला तो जन्मभर भ्याला. भरल्या ताटावरून उठून जायचा, कुणाचा तरी फोटो परत बघायला. मेधा वैतागायची. मी तर त्याला वेड्यातच काढायचे...

गेल्या आठवड्यात मेधा मला दवाखान्यात घेऊन गेली. आता तो त्याची ज्युनियर, नेहा, बघते. तिने ठोकळ्यांचा डबा काढला. प्रत्येकावर सुहासच्या अक्षरात नाव. माझ्यावर लिहिलेलं, 'मंदाताई, बडबड करते'. नेहाने तो तोंडात दिला आणि दात आपोआप आपापल्या खाचेत बसले. फोटो आला. तिने त्यातून मागच्या वर्षीचा वजा केला. आम्ही तिघी बघत राहिलो. सगळं करडं. एकही डाग नाही. गुरुवारी ठोकळा सरकला होता, एवढंच.

"काहीच बदल नाही," नेहा म्हणाली. मेधा रडायला लागली. मला सुहासला सांगायचं होतं, बघ गाढवा, तुझं काम पक्कं आहे, आता तरी स्वस्थ झोप. "काढा आता ठोकळा," नेहा दोनदा म्हणाली. मी तो दाताखाली धरून तशीच बसून राहिले.