जमिनीलगतची जाळी

त्या दाराला मी कान लावला होता, ते अजून विसरता येत नाही. प्लेगच्या पुढचं वर्ष होतं. मी होमगार्डमध्ये होते. बायकांच्या झडतीचं, चौकशीचं काम निघालं की पर्वत पाटियाजवळच्या चौकीत मला बोलावत.

सकाळी एका चाळीतल्या मावशी खबर घेऊन आल्या. शेजारच्या खोलीला तीन दिवस कुलूप, भाडेकरूची बायको दिसत नाही आणि आतून कुजका वास. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आणि आत कोणीतरी श्वास घेतंय, बाई."

हवालदारांबरोबर मी गेले. आवाज खरोखर होता. बारीक, लांब. मी बराच वेळ ऐकत राहिले. श्वास बाहेर पडत होता, परत आत जात नव्हता. भिंतीत जमिनीलगत सिमेंटचा नवा चौकोन दिसला. मावशी म्हणाल्या, "जाळी होती. उंदीर यायचे, आम्हीच परवा बुजवली. प्लेगपासून चाळीत एक भोक ठेवलं नाही."

पंच आल्याशिवाय कुलूप तोडायचं नव्हतं. मढ्याच्या खोलीला पंच व्हायला चाळीत कोणी तयार होईना. हवालदार बाहेर पंच शोधायला गेले, मी साहेबांना सांगायला चौकीत परतले. दुपारी नवऱ्याला कारखान्यातून उचलून आणलं.

"बायकोला कुठे टाकलंस?" साहेबांनी विचारलं.

"माहेरी आहे. बारडोलीला."

"मग वास कुणाचा? सासऱ्याचा?"

सगळे हसले. तीन तासांनी तो बोलला, "गॅसचे बाटले आहेत, साहेब. अकरा. चोरून विकतो." मग घाईघाईने म्हणाला, "पण आमच्या नाशिकला एजन्सीवाले जमिनीलगत जाळी बघूनच बाटला देत. गॅस खाली बसतो. इथे कोणी विचारत नाही, तरी मी जाळीचीच खोली घेतली."

"नाशिकनो कायदो अहीं नहीं चाले, भाई," साहेब म्हणाले.

साहेबांपुढे मी आपणहून कधी बोलले नव्हते. पण तोंडातून निघालं, "साहेब, ती जाळी बुजवलीय."

साहेबांनी लगेच जीप काढायला सांगितली. बाहेर उन्हं उतरली होती. दिवेलागणीला चाळीत प्रत्येक उंबऱ्यावर दिवा लागतो.

जीप थांबायच्या आत मी उडी टाकली. बंद दाराशी पणती ठेवून मावशी बसल्या होत्या. काडी पेटीला टेकलेली. मी त्यांची मूठ घट्ट धरली.

"मेलेलीला अंधारात ठेवू नये गं," त्या म्हणाल्या.

"मावशी, आत कोणी नाही. उठा."

बंबवाल्यांनी चाळ रिकामी करून दार उघडलं. एक गळका बाटला बाहेर नेला, तेव्हा तो श्वास थांबला, कुजका वासही विरला. बायको दुसऱ्या दिवशी बारडोलीहून आली, धडधाकट.

आम्ही दिवसभर त्याचं खोटं शोधत होतो. माहेर, जाळी, दोन्ही त्याने खरंच सांगितलं होतं. खरं सांगणाऱ्याचीही जागा जाऊन बघावी, हे मी तिथे शिकले. तो त्याने शेवटची पाहिलेली जागा सांगत असतो. त्यानंतर तिथे कोणाचा हात फिरला, हे त्याला ठाऊक नसतं.