नाल्यावरचं बॅडमिंटन कोर्ट

आमच्या येलहंक्याच्या सोसायटीत पुण्या-मुंबईकडचे बरेच. त्यांचं कन्नड रिक्षावाल्यापाशी संपतं. मी निपाणीचा, त्यामुळे सरकारी माणूस आला की सगळे मला पुढे करायचे. मीही, खोटं कशाला बोलू, फुशारकीने पुढे व्हायचो.

पालिकेचा सर्व्हेअर आला तेव्हा तसंच झालं. तळ्यातलं जादा पाणी वाहून नेणारा जुना राजकालुवे, म्हणजे मोठा नाला, त्याच्या नकाशात आमच्या मागच्या भिंतीच्या आत होता. प्रत्यक्षात तिथे आमचं बॅडमिंटन कोर्ट. त्याने भिंतीवर लाल खूण केली. पावसाळ्याआधी भिंत पाडून नाला मोकळा करायचा हुकूम होता.

मी त्याला घरी नेलं. तो आमच्या निपाणीजवळच्या चिकोडीचा निघाला, मग काय विचारता! कॉफी झाली, बेळगावी कुंदा झाला, दोघांच्या ओळखीची माणसं निघाली. शेवटी मी म्हणालो, "स्वल्प अडजस्ट माडी, अण्णा." थोडं सांभाळून घ्या. तो नकाशाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "सरी." ठीक आहे. आमची भिंत पाडायच्या यादीत शेवटी गेली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. त्या मला आवडल्याही.

मग तळं भरून वाहिलं. पाणी भिंतीला अडलं, मागे फिरलं आणि पलीकडच्या वस्तीत शिरलं. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या अक्का तिथेच राहतात. मी गॅलरीतून बघत होतो. लोक डोक्यावर गाद्या घेऊन बाहेर पडत होते.

सकाळी अक्कांचा फोन आला. घरात गुडघाभर पाणी आहे, तांदूळ भिजले, दोन दिवस येणं जमणार नाही.

सर्व्हेअर आला त्या दिवशीची कॉफी अक्कांनीच केली होती. आम्ही घरात मराठी बोलतो, ते त्यांना कळत नाही, म्हणून त्यांच्यासमोर काहीही बोलायची आम्हाला सवय. सर्व्हेअरशी मात्र मी कन्नडमध्ये बोललो होतो. स्वयंपाकघरात त्यांना शब्दन्‌शब्द ऐकू गेला असणार. मला माझी इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

मी गप्प राहिलो, तर त्यांना वाटलं मी रजेवरून नाराज आहे. अजिजीने म्हणाल्या, "दोनच दिवस, अण्णा. स्वल्प अडजस्ट माडी."