पाठ न लागलेली कुस्ती

कन्हेरीहून सायकलवर बारामतीच्या तालमीत जायला लागलो तेव्हा मी अकरावीत होतो. आमच्या घरात शिक्षण आणि नोकरी यांच्यापलीकडे कशाला किंमत नव्हती. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, वडील पाटबंधारे खात्यात कारकून झाले, आणि त्यांचा मुलगा लंगोट लावून मातीत लोळतो हे वडिलांच्या पचनी पडत नव्हतं. ते रागावत नसत. मी कुस्तीचं काही बोलायला लागलो की ऐकू न आल्यासारखं करून उठून जात.

तालमीत जोर-बैठका एकट्याने काढता येतात, पण कुस्ती करायला समोर कुणीतरी लागतं. त्याला जोड म्हणतात. रोज ज्याच्याशी भिडायचं, ज्याच्याकडून पडायचं आणि ज्याला पाडायचं, तो आपली जोड. पहिले कित्येक आठवडे मला जोड मिळाली नाही. नाही असं कुणी म्हणायचं नाही. प्रत्येकाला आधीच कुणीतरी असायचं, एवढंच. मी कुस्तीच्या मातीच्या हौदाच्या कडेला अंगाला तेल लावून उभा राहायचो आणि तसाच अंग पुसून घरी जायचो.

मग एकदा लोणी भापकरच्या एका मुलाने हौदातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काय रं, तेल काय भजी तळायला लावलंय व्हय? ये की खाली."

तो माझी जोड झाला. माझ्याच वयाचा, माझ्याच वजनाचा. त्याच्या आजोबांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती, वडील शेतीला लागले. तालमीतच राहायचा, मीही पुढे राहायला लागलो. आमचा स्टोव्ह एक, आंघोळीची बादली एक. कुस्तीत तो माझ्यापेक्षा चांगला होता, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. बारावीनंतर मी बारामतीच्या कॉलेजात गेलो. त्याला मार्क कमी होते म्हणून त्याने इंदापूरच्या कॉलेजात नाव घातलं. तिथे तो फक्त परीक्षेला जायचा. बाकी सारं आयुष्य आमच्या हौदातच.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या काळातली ही गोष्ट. तोपर्यंत कॉलेजच्या स्पर्धा मातीतून मॅटवर गेल्या होत्या. जिल्ह्यातल्या कॉलेजांची निवड चाचणी इंदापूरला व्हायची होती. तिथे जो जिंकेल तो विद्यापीठाच्या संघात. तिथून देशभरातल्या विद्यापीठांच्या स्पर्धेला, आणि तिथे पदक मिळालं तर जागतिक स्पर्धेच्या संघासाठी शिबिर. आम्ही दोघंही अडुसष्ट किलोत होतो. म्हणजे दोघांपैकी एकच जाणार होता.

त्याला वडिलांनी बजावून ठेवलं होतं, की यंदा विद्यापीठाच्या संघात गेलास तर खेळ, नाहीतर सोमेश्वरनगरच्या कारखान्याला ऊस न्यायला ट्रॅक्टरवर बस. हे त्याने मला हसत हसत सांगितलं होतं.

"जगाच्या संघात निवड झाली की इमान फुकट असतंय का रं?" त्याने विचारलं.

"फुकट असतंय. पण खाली उतरवत्यात. तितं कुस्ती खेळावी लागती."

"खेळू की. इमानात बसायला मिळत आसंल तर मी वाघासंगं खेळीन."

चाचणीच्या आधी आमच्या कॉलेजच्या खेळाच्या सरांनी पुण्याहून एका प्रशिक्षकांना थोडे दिवस बोलावलं. त्याच आठवड्यात माझ्या जोडीदाराला घरी विहिरीच्या कामाला जावं लागलं. कॉलेजच्या हॉलमध्ये मॅट टाकली होती. प्रशिक्षकांनी मला खाली पाडलं. मी सवयीने पोटावर पडलो, कोपरं अंगाशी घेतली आणि निवांत झालो. मातीतल्या कुस्तीत पाठ लागली तरच माणूस हरतो. पोटावर पडला की तो वाचला. वरचा कितीही धडपडू दे, खालच्याने दम घ्यायचा आणि संधी आली की उठायचं. आमची सगळी कुस्ती अशीच घडली होती.

प्रशिक्षक माझ्या पाठीवर होते. कानाशी म्हणाले, "झोप लागली का पैलवान? मी तुझ्या मागं आलो, कब्जा घेतला, मला एक गुण. तू उठलास, मी परत मागं आलो, परत एक. तुझी पाठ लागली नाही म्हणून तू खूश, आणि पंच हात माझा वर करणार."

मला गुण असतात हे माहीत होतं. जोडीदारालाही माहीत होतं. पण आमची समजूत अशी, की उचलून टाकलं, डाव मारला, तर गुण. नुसतं मागे जाण्याला कुणी गुण देत असेल हे आमच्या स्वप्नातही नव्हतं. मातीत मागे जाणं म्हणजे काहीच नाही.

जोडीदार गावाहून परत आला. पिशवी खुंटीला अडकवत म्हणाला, "काय शिकवलं रं त्या पुण्याच्या मास्तरनं?"

"काय न्हाय. कोलांट्या मारायला लावल्या."

"मग बरंच हुकलं म्हणायचं माझं," तो म्हणाला आणि आम्ही दोघं हसलो.

कोलांट्या खरंच मारायला लावल्या होत्या. त्या क्षणी मी काही ठरवलं नव्हतं, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. पण तेही पुरतं खरं नाही. त्याला माहीत नसलेलं काहीतरी मला पहिल्यांदाच माहीत होतं, आणि ते हातातून सोडवेना. उद्या सांगू, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी हौदात उतरलो. त्याने मला नेहमीसारखं दोनदा चीत केलं. मधे एकदा मी त्याचा पट काढला, म्हणजे पाय धरून त्याला खाली आणलं, आणि तो नेहमीसारखा पोटावर आडवा झाला. मी मागे गेलो आणि मनात म्हणालो, एक. त्यानंतर रोज मोजायला लागलो. मातीत तो मला रोज पाडत होता आणि मनात मी रोज जिंकत होतो. ते मोजणं सुरू झालं तेव्हाच मी त्याच्यापासून वेगळा झालो. एकाच स्टोव्हवर दूध तापवायचो, पण मी ते वर येईपर्यंत नुसता भांड्याकडे बघत बसायचो. त्याला वाटायचं, मला चाचणीची भीती वाटते. "भिऊ नगं मर्दा," म्हणायचा, "कुणीबी जिकलं तरी तालमीतच येतंय."

इंदापूरला गेलो. वजनासाठी आदल्या दिवसापासून पोटात काही नव्हतं. वजन झाल्यावर एसटी स्टँडवर केळी खाल्ली. त्याने स्वतःच्या पिशवीतला शेंगदाण्याचा लाडू मोडून मोठा तुकडा मला दिला.

त्याच्या आधीच्या कुस्त्या झटपट झाल्या. समोरच्याला घेतलं की सरळ पाठच लावली. त्यामुळे गुणांचा प्रश्नच आला नाही. मी गुणांवर कशाबशा काढल्या. मी कसा जिंकतोय हे त्याने पाहिलं नाही, कारण तेव्हा तो बाहेर अंग गरम करत होता. अडुसष्ट किलोच्या शेवटच्या कुस्तीला आमची दोघांची नावं पुकारली.

"च्यायला, आपलीच लागली की," तो म्हणाला.

एका तालमीतल्या दोघांची कुस्ती जत्रेत कुणी लावत नाही. चुकून लागलीच तर लोक ओरडून सोडवायला लावतात. इथे कुणाला तालीम माहीत नव्हती. तो इंदापूरचा होता, मी बारामतीचा.

सुरुवातीला त्याने मला उचललं. मी कसाबसा मॅटच्या बाहेर गेलो. मग तो घाईने आत आला आणि मी पट काढला. तो पोटावर गेला. मी मागे गेलो. पंचांनी एक बोट वर केलं. ते त्याला दिसणं शक्य नव्हतं, त्याचं तोंड मॅटमध्ये होतं. पुन्हा उभे राहिलो. तो पुन्हा आत आला, पुन्हा खाली गेला. माझ्या छातीखाली त्याचा श्वास मला कळत होता. संथ होता. तो दम घेत होता. आपल्या माणसाच्या हाताखाली आहोत, घाई नाही, अशा बेताने तो दम घेत होता. त्याच्या कॉलेजचे सर दुसऱ्या मॅटवर होते. त्याला ओरडून सांगणारं कुणी नव्हतं. मी होतो, माझं तोंड त्याच्या कानापासून वीतभर लांब होतं.

शिटी वाजली. तो उठला, कपाळ पुसलं आणि हसत मला म्हणाला, "बरोबरीत हाय. आता येळ वाढवून देत्याल. पाणी पिऊन घे."

पंचांनी आम्हा दोघांचे हात धरले आणि माझा वर केला. तो आधी पंचांकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. "ह्यो कसा काय?" त्याने पंचांना विचारलं. पंचांनी सांगितलं. त्याने मान हलवली, वाकून पंचांना आणि टेबलवरच्या लोकांना नमस्कार केला. मग मला मिठी मारली.

परतीच्या एसटीत त्याने मला खिडकीची जागा दिली. बारामतीला उतरून आम्ही थेट तालमीत गेलो.

वस्ताद हौदापाशी बसले होते. त्यांना सगळे आबा म्हणत.

"कोण गेलं संघात?" त्यांनी विचारलं.

"मी, आबा."

"ह्याला चीत केलास?"

"न्हाय. गुणांवर."

"पाठ लावली न्हाईस?"

"न्हाय आबा."

"मग जिकलास कशानं?"

माझ्याऐवजी जोडीदारच म्हणाला, "नियम हाय तसा आबा. त्यानं बराबर केलं." दुसऱ्या दिवशी त्याने ट्रंक भरली.

मी विद्यापीठाच्या संघातून उत्तरेत खेळायला गेलो. आगगाडीत संघातली बाकीची मुलं पत्ते खेळत होती. मला वरचा बर्थ मिळाला होता, मी दोन्ही दिवस तिथेच पडून होतो. पहिल्याच फेरीत हरलो, तेही पाठ लागून. पुढचे दिवस त्या थंड हॉलच्या पायऱ्यांवर एकटा बसून इतरांच्या कुस्त्या पाहिल्या. जागतिक संघाच्या शिबिरासाठी नावं जाहीर होत होती. एक नाव पुकारलं की एखाद्या कोपऱ्यातून ओरडा व्हायचा, कुणी कुणाला खांद्यावर घ्यायचं. मला सारखं वाटत होतं, की इथे तो असता तर हरला असता की जिंकला असता. मला कळेना. आजही कळत नाही. पण त्या पायऱ्यांवर तो एकटा बसला नसता एवढं नक्की. त्याने जेवणाच्या रांगेत चार माणसं जमवली असती.

परत आलो तेव्हा तालमीत त्याची खुंटी रिकामी होती. मी तेल लावून उभा राहिलो. आता मी विद्यापीठाचा पैलवान होतो, मुलं मान द्यायची, पण रोजची जोड कुणाशी जमेना. लहानांशी भिडलो तर ती बिचकायची, थोरले त्यांच्या त्यांच्या जोडीत होते. तिसरं वर्ष संपायच्या आत तालीम सोडली. बी.ए. झालो, स्पर्धा परीक्षा दिली, नोकरी लागली. वडिलांना आनंद झाला. कुस्तीबद्दल त्यांनी पहिल्यांदा आणि शेवटचंच विचारलं, "सुटलं ना ते?"

नोकरी लागायच्या आधी एकदा गाळप हंगामात मी सोमेश्वरनगरला गेलो होतो. कारखान्याबाहेर उसाने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. तो चाकाच्या सावलीत पाय पसरून बसला होता. मला पाहून उठला. "आलं बघा विद्यापीठ," बाजूच्या ड्रायव्हरला म्हणाला. चहा मागवला. वजन वाढलं होतं त्याचं. उत्तरेतल्या कुस्त्यांचं सगळं खोदून खोदून विचारलं. मी पडलो ते कसा पडलो, हेही. "घिस्सा डाव लागला तुला. मान खाली ठिवतोस तू, कवाधरनं सांगतोय."

मग रांग थोडी पुढे सरकली, त्याने ट्रॅक्टर पुढे घेतला, उतरून आला आणि कप उचलता उचलता म्हणाला, "एक इच्यारू? मागं गेलं की गुण मिळतोय, ह्ये तुला ठावं हुतं का रं?"

त्याच्या आवाजात संशय नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी सांगायलाच गेलो होतो. सायकलवरून येताना वाक्यं जुळवली होती.

"न्हाय," मी म्हणालो. "मलाबी तितंच कळलं."

"मला वाटलंच," तो म्हणाला. त्याचा चेहरा मोकळा झाला. "मी घरात तेच सांगितलं. आमचा बा म्हणत हुता, त्यानं तुला फसवलं. म्या म्हणलं, त्याला माहीत असतं तर त्यानं मला सांगितलं नसतं व्हय?"

पहिल्यांदा गप्प राहिलो ते वय होतं, हाव होती, असं म्हणता येईल. त्या दुपारी मात्र मला काहीच मिळवायचं नव्हतं. माझा म्हणावा असा तो तेवढा एकच माणूस होता, आणि खरं बोललो तर तोही जाईल, या भीतीने मी खोटं बोललो. तो गेला नाही. पण त्या दिवसानंतर तो ज्याच्याशी बोलतो तो माणूस मी नाही.

आता आमची पन्नाशी जवळ आली. त्याचे स्वतःचे दोन ट्रॅक्टर आहेत, पोट सुटलंय, गुडघा दुखतो. लग्नकार्यात भेटतो तेव्हा तो मला सोडत नाही. मागच्या उन्हाळ्यात इंदापूरला एका लग्नात मांडवात चारपाच लोक जमले होते. त्याने माझ्या खांद्यावर हात टाकून ती गोष्ट काढली. तो ती फार छान सांगतो. मॅटवर आपण कसे निवांत पडलो होतो, पंचाला कसं वाटलं असेल की इंदापूरचा पैलवान झोपायला आलाय, उठून कसं पाणी पिऊन घे म्हणालो. लोक डोळे पुसेपर्यंत हसतात.

"आन् गंमत अशी," तो शेवटी म्हणाला, "की ह्यालाबी ठावं नव्हतं. दोघंबी येडी! ह्याला वाटतंय हरलो, मला वाटतंय बरोबरीत हाय. इच्यारा ह्याला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी पाळी दर वेळी इथेच येते.

"व्हय," मी म्हणालो, "मला तर वाटलं पंचानं चुकून माझा हात धरला."

हे वाक्य मी त्या दिवशी नवीन घातलं. त्याला ते फार आवडलं. पंगतीत बसल्यावरही शेजारच्याला त्याने ते पुन्हा सांगितलं, आणि माझ्या पानात आपल्या हाताने जिलेबी वाढली.