फळ्यावरची पाणीपाळी

प्रांजल हाक्के वेबसाइट बनवते एवढे कवठे महांकाळजवळच्या तिच्या गावाला माहीत होते. म्हणजे नेमके काय करते, ते मात्र कुणाला सांगता येत नसे. ती सांगलीला शिकली, साताऱ्यात एका कंपनीत नोकरी केली आणि कंपनी पुण्याला हलली तेव्हा घरी परतली. वडिलांनी मेंढरे कमी केल्यावर एक खोली रिकामी पडली होती. तिथे तिने लॅपटॉप मांडला. गावात बसून हे काम चालते का, ते दिवाळीपर्यंत बघायचे, नाहीतर पुण्याची वाट धरायची, असे घरात ठरले होते.

पहिले काम पाणी सोसायटीचे मिळाले. कुणाच्या शेताला कोणत्या दिवशी, किती वाजता पाणी, ते मोबाइलवर दिसायला हवे होते. तक्ता रुंद आणि मोबाइल अरुंद, म्हणून प्रांजलने तक्ता एका चौकटीत ठेवला आणि न मावलेला भाग बोटाने सरकवून बघता येईल असे सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेत, लिहिले. सोसायटीचे सचिव नानासो खूश झाले.

पहिल्याच पाळीला शेजारची हरणाबाई दारात उभी राहिली.

"ए पोरी, भाईर ये आधी! माजी पाळी गेली. मका वाळाय लागलाय."

"आवं काकी, तुमचं नाव हाय की त्यात."

"नाव हाय, येळ कुटं हाय? फळ्यावर वाचून घेतलं मी."

"फळ्यावर कशाला? मोबाइलवर बघायचं असतंय ते."

"माज्याकडं कुटला मोबाइल? का मेंढरांकडं मागू?"

दोघी सोसायटीत गेल्या. नानासोंनी वेबसाइटचे पान छापून फळ्यावर चिकटवले होते. वर विहिरीच्या फोटोने अर्धा कागद खाल्ला होता आणि वेळेचा शेवटचा रकाना कडेला कापला गेला होता. कागद काही बोटाने सरकत नाही.

"नाना, हे छापायचं नव्हतं."

"मग फळ्याला काय मोबाइल डकवू?" नानासो म्हणाले. "पाळी फळ्यावर लागली म्हंजी लागली. मग कुणी भांडत न्हाई. शुक्रवारी पुढची लागंल. तवर जमलं तर बघ, न्हाईतर मी हातानं लिवतो पयल्यासारखी. तुझी वेबसाइट ऱ्हाऊ दे."

त्या संध्याकाळी वडिलांनी स्वतःच्या पाळीतले थोडे पाणी हरणाबाईच्या मक्याला सोडले.

छापण्यासाठी वेगळा तक्ता करून द्यावा, असे प्रांजलला आधी वाटले. पण मग प्रत्येक बदल दोन ठिकाणी करावा लागला असता आणि एक ना एक दिवस दोन्हींत फरक पडलाच असता. त्यापेक्षा पान एकच ठेवून कागदासाठी सीएसएसचे वेगळे नियम लिहिणे बरे. हे तिला ठाऊक होते, पण साताऱ्यात तशी वेळ कधी आली नव्हती. छापताना फोटो आणि मेनू लपवायचा, चौकट काढून सगळा तक्ता दिसू द्यायचा, तक्ता कागदाच्या रुंदीत बसवायचा, एकही ओळ दोन कागदांत तुटू द्यायची नाही, हे नियम तिने लिहिले. रकान्यांची नावे तिने साध्या ओळीसारखी घातली होती. ती एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या मूळ सांगाड्यात, तक्त्याचे शीर्षक म्हणून बांधल्यावर दुसऱ्या कागदावरही आपोआप येऊ लागली. मोबाइलवरचे पान होते तसेच राहिले. छपाईआधीचे चित्र तिने पडद्यावर पाहिले, आणि तरी विश्वास न बसून तालुक्याला जाऊन एक प्रत काढून आणली.

शुक्रवारी नानासोंनी नवा कागद लावला. हरणाबाई आधीच येऊन थांबली होती.

"वाच रं नानासो."

"हरणाबाई. बुधवार. पाटं चार."

"पाटं? दिसा न्हाई व्हय?"

"ते इजेला इचार, मला न्हाई."

हरणाबाई पुटपुटत गेली. नानासोंनी चष्मा कपाळावर चढवला, कागद पुन्हा जवळून पाहिला आणि प्रांजलकडे वळले.

"पुढच्या पाळीला अक्षर जरा मोठं कर. आन् बँकेचं पासबुक घिऊन ये, वर्षाचं काम तुझ्या नावावर लावायचंय."