गडाच्या वाटेवर सुटलेली निर्जळी

देवाशी मी सौदा केला होता, आणि सौदा केला की जिवाला चैन कुठलं? थोरल्या लेकीचं पहिलं बाळंतपण. बीडच्या दवाखान्यात तिचं ब्लडप्रेशर उतरायचं नाव घेत नव्हतं, आत कुणाला सोडत नव्हते. भीतीपोटी मी बोलून बसले की एकादशीला नारायणगडाचं दर्शन होईपर्यंत पाण्याचा थेंबही घेणार नाही. मला साखरेचा आजार. त्यावर कहर म्हणजे सकाळची गोळी मात्र नेमानं घेतली, तीसुद्धा कोरडी गिळून!

फाट्यावर उतरून चालू लागले. उपाशीपोटी घेतलेल्या गोळीनं थोड्याच वेळात साखर उतरली, दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरू लागले. रस्त्याकडेला मोसंबीचा गाडा होता. त्याच्या सावलीत मी मटकन खाली बसले. गाडेवाले चाचा उतारवयाचे. साखर, गोळी, लेक, नवस, सगळं मी त्यांना कसंबसं सांगितलं. त्यांनी घाईनं मोसंबी पिळून पेला पुढं केला. मी तोंड फिरवलं. उपास मोडला आणि लेकीचं काही बरंवाईट झालं तर? मला रडूच कोसळलं.

"बाई, माझा बी रोजा हाय," ते म्हणाले. ओठ सुकलेले होते त्यांचे. "पर आमच्यात आजाऱ्याला रोजा माफ हाय. तुमचा देव कावून कमी दयाळू असंल?"

मी शाळेत इतिहास शिकवते. आशियातल्या धर्मांची ओळख करून देताना जैनांचे उपास, बुद्धाचा मध्यम मार्ग आणि आजाऱ्याला रोज्यातून असलेली सूट दरवर्षी फळ्यावर लिहिते. मुलांकडून घोकून घेते. मला स्वतःला मात्र त्यातलं एक अक्षर लागू पडलं नव्हतं. लाज वाटली. डोळे मिटून मी पेला रिकामा केला.

थरथर थांबल्यावर चाचांनी मला ओळखीच्या रिक्षात बसवून दिलं. गडाच्या पायऱ्यांशी फोन वाजला तेव्हा तो घ्यायचा धीर होईना. जावई होते. "आई, मुलगी झाली. दोघी बी बऱ्या हायत."

उपास मोडला होता, दर्शन व्हायचं होतं. माझ्या बाजूनं द्यायला काहीच उरलं नव्हतं, तरी देवानं दिलं. पेला कुणी पाठवला, याचा वाद मी घालत नाही. चाचांची आठवण आली की हात आपोआप जोडले जातात.

आता एकादशीला भगर खाऊन मगच गोळी घेते. नातीला ताप आला की जीव अजूनही घाबरा होतो, जुनी खोड उसळते, नवस ओठांवर येतो. तो गिळते आणि एवढंच म्हणते, देवा, तू बघ.